आईची शाळा आणि बाळाचे आयुष्य

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आज १० मार्च. १८९७ साली याच दिवशी सावित्रीबाई गेल्या. पुण्यात प्लेगची साथ होती. त्यांचा डॉक्टर झालेला मुलगा यशवंत रोग्यांवर उपचार करत होता आणि वयाची सहासष्ट वर्षे ओलांडलेल्या सावित्रीबाई रोग्यांना त्याच्यापर्यंत आणून पोचवत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतला प्लेग झालेला एक मुलगा त्यांनी स्वतः उचलून आणला आणि त्यातूनच त्यांना लागण झाली. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करणारी ही बाई जवळजवळ पन्नास वर्षांनी एका आजारी लेकरापायी गेली.

त्यांचे शाळेचे काम आपण दरवर्षी आठवतो. रोग्यांसाठी केलेले काम त्यामानाने कमी आठवतो, आणि आठवलेच तर ते वेगळे म्हणून आठवतो. राज्यकारभारातही तसेच आहे: शिक्षणाचे खाते वेगळे, आरोग्याचे वेगळे, अंगणवाडी तिसऱ्याच खात्याकडे. मला आज एवढेच सांगायचे आहे की मुलीची शाळा आणि बाळाचा दवाखाना ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. एक सोडून दुसरे केले तर पदरात फार थोडे पडते. हे भावनेपोटी म्हणत नाही. गेल्या पन्नास वर्षांत ते अनेक देशांत मोजून झाले आहे.

सुरुवात नायजेरियापासून करते. १९७९ साली जॉन कॉल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञाने नायजेरियातल्या बालमृत्यूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. इबादान शहर आणि आसपासच्या योरुबा बायकांच्या पाहण्या त्यासाठी त्याने वापरल्या होत्या. तोवर जाणकारांचा समज असा होता की उत्पन्न वाढले, पाणी आणि दवाखाने आले की मुले जगू लागतात; शिक्षण हे सुस्थितीबरोबर येणारे एक लक्षण, त्याचे स्वतःचे काम फारसे नाही. कॉल्डवेलने वडिलांचा व्यवसाय, वडिलांचे शिक्षण, राहण्याचे ठिकाण अशा एकेक गोष्टी हिशेबात धरून पाहिल्या. त्या सगळ्या धरूनही आईच्या शाळेचा परिणाम उरलाच, आणि तोच सर्वांत ठळक होता. घर तेच, कमाई तीच, गाव तेच. पण आई शाळेत गेलेली असेल तर मुले कमी दगावत होती.

पुढे १९८६ साली त्याने नायजेरियातलेच आणखी काही आकडे मांडले. ते मी आज मुद्दाम लिहून आणले आहेत. आया निरक्षर आहेत, पण दवाखान्याची चांगली सोय हाताशी आहे, अशा ठिकाणी आयुर्मानात २० टक्के वाढ दिसली. दवाखाना नाही, पण आया शिकलेल्या आहेत, अशा ठिकाणी ३३ टक्के. आणि दोन्ही आहेत तिथे ८७ टक्के. वीस आणि तेहतीस यांची बेरीज त्रेपन्न होते. ही दोन्ही एकत्र आल्यावर बेरजेच्या पुढे आणखी चौतीस मिळाले. शिकलेली आई दवाखान्याचा उपयोग करून घेते, आणि दवाखाना जवळ असला की तिच्या शिक्षणाचे चीज होते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा आकडा आहे.

नायजेरियात जे दिसले ते इतरत्रही दिसले का? दिसले. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १७५ देशांचा अभ्यास आला. १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालील मुलांचे वार्षिक मृत्यू ८२ लाखांनी कमी झाले, आणि त्यातले ४२ लाख, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक, स्त्रियांचे शिक्षण वाढल्याने टळले, असा त्या अभ्यासकांचा हिशेब आहे. २०२१ साली त्याच नियतकालिकात ९२ देशांतल्या पाहण्या एकत्र करून आणखी बारीक हिशेब आला. आई शाळेत एक वर्ष जास्त शिकली की पाच वर्षांखालील मृत्यूचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी उतरतो. बारा वर्षे शिकलेल्या आईच्या मुलाचा धोका अजिबात न शिकलेल्या आईच्या मुलाच्या तुलनेत सुमारे ३१ टक्के कमी. वडिलांच्या बारा वर्षांनीही तो १७ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे बापाची शाळाही उपयोगी आहे, पण आईच्या शाळेचे वजन जवळजवळ दुप्पट आहे.

आपल्याकडचे चित्र पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून होत आली आहे आणि तिचे काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. २०१९-२१ च्या पाहणीत, शाळेत न गेलेल्या आयांच्या मुलांपैकी ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या आयांच्या मुलांत हे प्रमाण २६ टक्के होते. खुजेपण म्हणजे नुसती उंची कमी असणे नव्हे. गर्भात असल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत पुरेसे अन्न मिळाले नाही, आजारपणे एकामागून एक येत राहिली, याची ती शरीरावर उमटलेली नोंद असते. पुढे तिची भरपाई फार कमी होते.

इथे एक शंका घेतली पाहिजे, कारण ती रास्त आहे. बारावी झालेली आई बहुधा खाऊनपिऊन सुखी घरातली असते. तिच्या घरात नळ असतो, शौचालय असते, नवऱ्याला बरा पगार असतो. मग बाळ शाळेमुळे जगले की पैशामुळे? सोनाल्दे देसाई आणि सौम्या अल्वा या अभ्यासकांनी १९९८ साली २२ देशांच्या पाहण्या घेऊन हाच प्रश्न विचारला. घरची परिस्थिती आणि वस्ती हिशेबात धरली तेव्हा बालमृत्यू आणि उंची यांवरचा आईच्या शिक्षणाचा परिणाम बराच आक्रसला. लसीकरणावरचा परिणाम मात्र जवळपास निम्म्या देशांत टिकून राहिला. या निष्कर्षाकडे डोळेझाक करून चालणार नाही. शाळा सगळे काही करते असे म्हणणाऱ्याला तो अडवतो, आणि अडवायलाच हवे.

पैसा आणि शाळा वेगळे काढायचे तर अशी जागा शोधावी लागते, जिथे मुलींना शाळा मिळण्याचे कारण त्यांच्या घरची श्रीमंती नसून सरकारचा एखादा निर्णय होता. अशी एक जागा झिंबाब्वेत सापडली. १९८० साली देश स्वतंत्र झाला. तोवर काळ्या मुलांना माध्यमिक शाळेची दारे जवळपास बंद होती. नव्या सरकारने ती उघडली, शाळा वाढवल्या, प्राथमिक शाळा संपवणाऱ्याला पुढच्या वर्गात सरळ प्रवेश दिला. त्या वर्षी चौदा वर्षांच्या किंवा त्याहून लहान असलेल्या मुलींना याचा लाभ झाला; पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची वेळ निघून गेली होती. दोन्ही गटांतल्या मुली त्याच गावांतल्या, तशाच घरांतल्या. फरक एक-दोन वर्षांच्या वयाचा. या मुली पुढे आया झाल्या. लाभ मिळालेल्या मुलींची मुले दगावण्याचे प्रमाण थोड्या मोठ्या असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी कमी निघाले. इथे शाळेचे काम शाळेच्या नावावर स्पष्ट जमा होते.

इंडोनेशियाने १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. तिथल्या अभ्यासातही आईबापांच्या शिक्षणाने बालमृत्यू कमी झाल्याचे दिसले. मात्र तिथे आई आणि वडील दोघांच्या शिक्षणाचा वाटा जवळपास सारखा निघाला. म्हणून मुलींच्या शाळेचा आग्रह धरताना मुलग्यांना वगळून बोलायचे कारण नाही. शिकलेला बाप बाळाला घेऊन दवाखान्यात जाण्यात कमीपणा मानत नाही, हेही आपण पाहतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. शाळेत असे काय मिळते की त्यामुळे पंधरा वर्षांनी एक बाळ वाचते? शाळेत बाळाला कसे वाढवावे हे कोणी शिकवत नाही. सातवीच्या पुस्तकात जुलाबावरचा उपचार नसतो, असला तरी लग्नापर्यंत लक्षात राहत नाही. मग?

पॉल ग्लूवी या अर्थतज्ज्ञाने मोरोक्कोतल्या १९९०-९१ च्या पाहणीवरून याचे उत्तर शोधले आणि ते १९९९ साली प्रसिद्ध केले. त्याने आईचे आरोग्यज्ञान, तिचे लिहिणे-वाचणे आणि हिशेब, तिचे उत्पन्न अशा सगळ्या वाटा वेगवेगळ्या तपासल्या. मुलाच्या प्रकृतीशी थेट नाते निघाले ते आईच्या आरोग्यज्ञानाचे. पण हे ज्ञान आयांना शाळेत मिळालेले नव्हते. शाळेत त्या वाचायला आणि हिशेब करायला शिकल्या होत्या, आणि त्या बळावर पुढच्या आयुष्यात शेजारून, दवाखान्यातून, रेडिओवरून आलेले ज्ञान त्यांनी वेचून घेतले. म्हणजे शाळेने उत्तर दिले नाही. उत्तर शोधण्याची आणि ते पारखण्याची ताकद दिली.

रॉबर्ट लव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, नेपाळ, व्हेनेझुएला आणि झांबिया या चार देशांत आयांच्या घरी जाऊन हेच अधिक जवळून पाहिले. शाळा सोडून वर्षानुवर्षे झालेल्या बायकांनाही वाचन बरेचसे येत होते. रेडिओवरची आरोग्याची सूचना कोणाला कितपत समजते, बाळाच्या आजाराची हकीकत कोण किती नीट सांगते, हे त्यांनी तपासले. जी जास्त शिकलेली, तिला सूचना जास्त समजत होती आणि तिची हकीकत जास्त सुसंगत होती. दवाखान्याची भाषा ही शाळेच्या भाषेच्या जातीची असते. घरात आपण समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल, माहितीतल्या माणसाशी बोलतो. दवाखान्यात अनोळखी माणसाला, घडून गेलेली गोष्ट, क्रमाने आणि मोजून सांगावी लागते. वर्गात उभे राहून बाईंच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या मुलीला तो सराव झालेला असतो.

ग्रामीण रुग्णालयाच्या बालरोग विभागात मी हे रोज पाहिले. पावसाळ्यात जुलाबाची मुले येत. एक आई केस पेपर पुढे करून म्हणायची, “परवा रात्री सुरू झालं. काल सात वेळा झालं. पाणी पाजलं तर ओकतोय, आणि आज सकाळपासून लघवी केलेली नाही.” सकाळपासून लघवी नाही, या एका वाक्याने बाळाला ताबडतोब सलाइन लागायचे. दुसरी आई एवढेच म्हणायची, “पोर बरं न्हाई, बाई.” डॉक्टर रांगेकडे पाहत घाईने विचारणार, “किती वेळा? कधीपासून?” आणि ती गप्प. तिला माहीत नव्हते असे मुळीच नाही. शेजारी बसवून सावकाश विचारले की ती सांगायची, “ढोरं सोडायच्या येळेला झालं, मग भाकरी टाकताना, मग दिवा लावायच्या आधी दोन बार.” सगळे तिच्या ध्यानात होते. ते दवाखान्याच्या साच्यात बसवून सांगण्याची सवय तिला कोणी लावली नव्हती, आणि तिच्या साच्यातून ऐकून घेण्याची सवड दवाखान्याकडे नव्हती.

जुलाबाचेच पुढचे पाहा. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण ओतायचे. अर्धे आज, अर्धे उद्या, असे केले तर मिठाचे प्रमाण बिघडते. तयार केलेले पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरले तर फेकायचे. सोबत झिंकची गोळी. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज एक, त्याहून लहान असेल तर अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. आणि ती चौदा दिवस द्यायची. जुलाब तर बहुधा दोन-चार दिवसांत थांबतात. बाळ खेळायला लागलेले असते. तरी उरलेले दहा दिवस गोळी का द्यायची? कारण डोळ्यांना न दिसणारे काहीतरी आतड्यात अजून भरून यायचे आहे, आणि आज दिलेल्या गोळीचा उपयोग पुढच्या दोन-तीन महिन्यांत दिसणार आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या कारणावर विश्वास ठेवून ठरलेले काम शेवटपर्यंत करणे ही सवय आहे, आणि शाळा ती वर्षानुवर्षे अंगी बाणवते. माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा आलेख घ्या. हिरव्या पट्ट्यातला ठिपका पिवळ्यात घसरला, हे बाळाकडे पाहून कळत नाही. रेषा वाचावी लागते. ती ज्या आईला वाचता येते ती पुढच्या महिन्याची वाट पाहत नाही.

शाळेची दुसरी देणगी मला वाचनाइतकीच मोलाची वाटते. ती म्हणजे घरातला शब्द. बाळाला धाप लागली आहे, छाती आत ओढली जात आहे. हे दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. न्यूमोनिया उद्यापर्यंत थांबत नाही. पण पैसे नवऱ्याकडे, नवरा कामावर, सासूबाई म्हणतात दृष्ट लागली असेल, आधी उतरवून पाहू. या ‘आधी पाहू’मध्ये रात्र जाते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला विळा तापवून चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. देणाऱ्याच्या मनात बाळ वाचवण्याचीच इच्छा असते. सासूबाईही बाळाच्या वैरी नसतात. त्यांच्या तरुणपणी दवाखाना नव्हता, जे होते ते त्यांनी केले. अशा वेळी “मी आत्ताच घेऊन जाते” असे कोणीतरी म्हणावे लागते, आणि ते घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेला म्हणावे लागते. कॉल्डवेलने नायजेरियात हेच टिपले होते. शाळेत गेलेली मुलगी घरातली सत्तेची घडी थोडी बदलते. मुलांच्या आजारात निर्णय घ्यायचा हक्क आपला आहे असे तिला वाटते, आणि महत्त्वाचे म्हणजे घरच्यांनाही तसे वाटू लागते. “ती शिकलेली आहे, तिला कळतं,” असे सासरेच म्हणतात.

तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. शाळेत असलेल्या मुलीचे लग्न लांबते. सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीचे स्वतःचे अंग अजून वाढत असते. आई आणि गर्भ दोघांनाही अन्न कमी पडते, बाळ कमी वजनाचे जन्मते आणि पहिल्या महिन्यातच त्याच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो. दहावी-बारावीचा वर्ग तिला या धोक्यापासून दोन-चार वर्षे दूर ठेवतो.

हे एकेका घरात घडते तसे समाजातही घडते. केरळात शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असा हुकूम काढला होता. २०१९-२१ च्या पाहणीत तिथल्या ७७ टक्के स्त्रिया किमान दहा वर्षे शिकलेल्या होत्या आणि अर्भकमृत्यू हजारी चारच्या आसपास होता. देशाचा आकडा होता ३५. मानववंशशास्त्रज्ञ जोन मेंचर यांनी १९८० साली केरळविषयी नोंदवले होते की प्राथमिक आरोग्य केंद्रात काही दिवस कोणी नसेल तर लोक थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात मोर्चा नेतात. दवाखाना सरकार बांधते, पण तो चालू ठेवतात ते त्यावर हक्क सांगणारे लोक. बंद दाराचा जाब विचारणाऱ्या बाया शाळेत घडतात.

आता सर्वांत अवघड भाग. हे सगळे ऐकून कोणी असा अर्थ काढेल की अशिक्षित आई म्हणजे हयगय करणारी आई. तो अर्थ खोटा आहे, आणि क्रूरही. जी मुलगी शाळेत गेली नाही तिला कोणीतरी पाठवले नाही. आज तिच्या मांडीवर जे बाळ आहे ते ती साक्षर होईपर्यंत थांबू शकत नाही. त्या बाळासाठी दुसरी वाट आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवली आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या आरोग्य सेविका म्हणून त्यांनी निवडल्या त्या गावातल्याच बाया, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत, एकमेकींना शिकवत आणि गावात जाऊन सांगत. सुरुवातीला त्या भागात अर्भकमृत्यू हजारी १७६ होता. पुढच्या दोन दशकांत तो ३० च्या खाली आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या थोडेबहुत शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली: श्वास मोजणे, वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे. ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई जी घरभेट देतात तिचे मूळ तिथे आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर जाऊन १ कोटी २० लाखांहून अधिक घरांतल्या बायांना जुलाबावरचे मीठ-गुळाचे पाणी शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा पगार ठरायचा तो बायांच्या किती लक्षात राहिले आणि पाणी नीट करता आले का, यावर. शिकणाऱ्याला समजले नाही तर जबाबदारी शिकवणाऱ्याची, हे तत्त्व त्यांनी पगारपत्रकात उतरवले.

या तीन उदाहरणांनी शाळेचे महत्त्व कमी होते का? मला तसे वाटत नाही. ग्लूवीचा निष्कर्ष आठवा: बाळाला वाचवते ते आईचे ज्ञान. शाळा ही तिथे जाण्याची स्वतंत्र, कायमची वाट आहे. जामखेडने आणि ब्रॅकने ते ज्ञान आईच्या उंबऱ्यापर्यंत चालत नेले. दुसऱ्या वाटेवर कोणीतरी सतत चालावे लागते. ते थांबले की ज्ञानही थांबते. आणि ज्या आशाताई आज चालत आहेत त्या शाळा शिकलेल्या असाव्यात असा नियम आहे. एका मुलीची शाळा तिच्या घरापुरती राहत नाही, वाडीतल्या शंभर घरांच्या उपयोगी पडते.

शाळेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शिक्षणाने मुलगी नकोशी वाटणे आपोआप जात नाही. मोनिका दासगुप्ता यांनी १९८७ साली पंजाबच्या खेड्यांविषयी दाखवून दिले की शिकलेल्या घरांतही दुसऱ्या-तिसऱ्या मुलीच्या वाट्याला हेळसांड येत होती. आपल्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. या वीस वर्षांत इथे मुलींचे शिक्षण वाढतच होते. वाचायला शिकवणाऱ्या शाळेला मुलीची किंमतही शिकवावी लागेल. नुसती हजेरी भरून हे होणार नाही.

मग आपण कुठे उभे आहोत? २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या सुमारे ८५ टक्के स्त्रिया साक्षर आहेत. समाधान वाटण्याजोगा आकडा आहे. पण दहा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या स्त्रिया ५० टक्केच आहेत, आणि वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. खुज्या मुलांचे प्रमाण ३५ टक्के. आपली मुलगी शाळेत जाते, पण मधेच गळते. पहिलीचा वर्ग भरवण्याचे काम सावित्रीबाईंच्या पिढीने सुरू केले आणि ते बऱ्याच अंशी झाले. आठवी ते बारावी हा आजचा प्रश्न आहे.

ही गळती कुठे होते ते पाहायचे तर दिवाळीच्या सुमारास बीडच्या एखाद्या तांड्यावर जा. ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये भांडी, शेळी आणि पोरे चढतात. कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा, दोघांनी पहाटे फडात उतरायचे. मग तान्हे बाळ कोणी सांभाळायचे? बारा वर्षांची थोरली. तिची शाळा सुटते ती बहुतेकदा कायमची. दोन-तीन वर्षांत तिचे लग्न होते आणि नवी जोडी, नवा कोयता तयार होतो. जिचे पुढचे बाळ शाळेमुळे वाचले असते, तिची शाळा आजच्या बाळाला सांभाळण्यात जाते. हंगामी वसतिगृहे यासाठीच आहेत, आणि फडाजवळ पाळणाघरे हवीत तीही यासाठीच.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. शाळा सोडलेल्या आठवीतल्या मुलीची नोंद आरोग्य केंद्रानेही ठेवावी, कारण ती उद्याची धोक्यातली गरोदर माता आहे. उपकेंद्राच्या सिस्टरने आणि शाळेच्या मुख्याध्यापकाने महिन्यातून एकदा ती यादी समोरासमोर बसून पाहावी. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण शाळेच्या वेळेला बस नसेल तर पास कपाटात राहतो. ती फेरी ग्रामपंचायतीने मागून घ्यावी, नाही मिळाली तर आगारावर जावे. दवाखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना सांगणे आहे की समोरची आई शिकलेली नसेल तर तिच्यासाठी दोन मिनिटे जास्त द्या, औषध तिच्या हाताने मोजून घ्या, आणि काय समजले ते तिच्याच शब्दांत परत विचारा. आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला: तुमच्या घरी, शेतावर, सोसायटीत कामाला येणाऱ्या बाईची मुलगी कितवीत आहे हे तुम्हाला माहीत असायला हवे. ती शाळा सोडणार असे कानावर आले तर मधे पडा. तिची फी, तिचा प्रवास, तिच्या धाकट्या भावाचा सांभाळ, जे अडले असेल ते सोडवा. दहावीला बसलेली ती मुलगी उद्या आई होईल, आणि तिचे मूल जगण्याची शक्यता तुम्ही आज वाढवलेली असेल.